कुठल्याच विभागात न मावणारा प्रश्न

पृथ्वीवर जीव कसा निर्माण झाला आणि तो आणखी कुठे असेल का, या प्रश्नांवर काम करायचे ठरवलेल्या विद्यार्थ्याची पहिली अडचण प्रवेशअर्जातच सुरू होते. अर्जावर रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, भूशास्त्र, भौतिकशास्त्र असे पर्याय असतात. जीवोत्पत्ती किंवा खगोलजीवशास्त्र हा पर्याय जगातल्या मोजक्याच विद्यापीठांत सापडतो. म्हणून बी.एस्सी. आणि एम.एस्सी. वरच्या जुन्या विषयांपैकी एखाद्यात करावी लागते आणि पीएच.डी.ही बहुधा त्याच वाटेने जाते. पंचविशी-तिशीच्या दरम्यान हातात पदवी येते. तोवर हा तरुण उत्तम रसायनज्ञ किंवा उत्तम भूशास्त्रज्ञ झालेला असतो, पण प्रश्नाचा उरलेला मोठा भाग त्याच्यासाठी परकाच राहिलेला असतो. आदिम पृथ्वीवरच्या डबक्यात काय घडले असेल हे शोधायचे तर त्या पाण्यातले क्षार, वरून येणारे अतिनील किरण, तळातला बसाल्ट आणि त्यात विरघळलेले रेणू या सगळ्यांचा विचार एकदम करावा लागतो. हे एका पदवीत बसत नाही.

म्हणून या क्षेत्रात पीएच.डी.नंतरच्या दोन-चार वर्षांना, म्हणजे पोस्टडॉकला, इतर कुठल्याही विज्ञानशाखेपेक्षा जास्त महत्त्व आहे असे माझे मत आहे. पुष्कळ शाखांमध्ये पोस्टडॉक म्हणजे प्राध्यापकाची जागा मिळेपर्यंतचा थांबा. खगोलजीवशास्त्रात मात्र ही वर्षे विद्याशाखा बदलण्याची असतात. इथे रसायनज्ञ भूशास्त्र शिकतो आणि पेशींवर काम केलेली मुलगी उल्कापाषाणांकडे वळते. या विज्ञानाचा इतिहास पाहिला तर त्यातली कितीतरी मोलाची कामे याच वयात आणि याच पदावर झालेली दिसतात.

सिरिल पोन्नंपेरुमा या रसायनज्ञाचा प्रवास पाहा. जन्म 1923चा, श्रीलंकेतल्या गॉल या बंदराच्या गावी. 1948 साली त्यांनी मद्रास विद्यापीठाची बी.ए. घेतली, तीही तत्त्वज्ञानात. मग लंडनला जाऊन बर्कबेक कॉलेजात रसायनशास्त्राची पदवी घेतली. तिथे जे. डी. बर्नाल शिकवत होते. जीवाच्या उगमात चिकणमातीचा वाटा असावा, हा विचार मांडणारे हेच बर्नाल. 1959मध्ये ही दुसरी पदवी मिळाली तेव्हा पोन्नंपेरुमा छत्तिशीत होते. आपल्याकडे या वयात कोणी नव्याने शिकायला बसला तर घरचेदारचे सगळे त्याला समजवायला येतील. पोन्नंपेरुमा तिथून कॅलिफोर्नियात बर्कलेला मेल्विन कॅल्विन यांच्याकडे गेले आणि 1962 साली पीएच.डी. झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीची सहयोगी संशोधकाची जागा त्यांना मिळाली आणि ते नासाच्या एम्स केंद्रात दाखल झाले. आजच्या भाषेत सांगायचे तर ही पोस्टडॉकची जागा.

पुढच्याच वर्षी रूथ मॅरिनर आणि कार्ल सेगन यांच्यासह त्यांनी ‘नेचर’मध्ये एक निबंध छापला. ॲडिनोसिन आणि फॉस्फेटचे एक संयुग यांच्या द्रावणावर अतिनील प्रकाश टाकला असता एटीपी तयार होतो, असे त्यात दाखवले होते. एटीपी म्हणजे आज प्रत्येक जिवंत पेशी ज्याच्या बळावर चालते तो रेणू. त्या प्रयोगात वापरलेले फॉस्फेटचे संयुग आदिम पृथ्वीवर मुबलक असेल, हे पुढे अनेकांना पटले नाही, आणि तो आक्षेप योग्यच होता. पण प्रश्न प्रयोगशाळेच्या टेबलावर आला होता. 1963मध्येच पोन्नंपेरुमा एम्समधल्या रासायनिक उत्क्रांती विभागाचे प्रमुख झाले. चंद्रावरून येणारी माती तपासण्यासाठी तिथे अतिशय स्वच्छ अशी प्रयोगशाळा उभी राहिली. 28 सप्टेंबर 1969 रोजी ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन गावाजवळ एक अशनी कोसळला, तेव्हा त्याचे तुकडे तपासायला ही प्रयोगशाळा तयारच होती. 1970च्या अखेरीस निष्कर्ष छापून आले. त्या दगडात अमिनो आम्ले होती. ती डावी-उजवी अशा दोन्ही रूपांत जवळपास सारख्या प्रमाणात होती आणि त्यांतली काही तर पृथ्वीवरच्या प्रथिनांत कधीच आढळत नाहीत. माणसाच्या हाताच्या स्पर्शाने किंवा मातीतल्या जंतूंमुळे ती आली असती तर मुख्यतः डाव्या रूपातली आणि ओळखीची असती. ही आम्ले अंतराळातच बनली होती.

पोन्नंपेरुमा यांना ज्या योजनेखाली जागा मिळाली तशाच धर्तीची योजना आज ‘नासा पोस्टडॉक्टोरल प्रोग्रॅम’ या नावाने चालते. तिच्यात खगोलजीवशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. अर्जाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. जाहिरातीतल्या जागेवर अर्ज टाकून वाट पाहणे इथे उपयोगाचे नाही. आधी नासाच्या केंद्रातला मार्गदर्शक शोधायचा, त्याच्याशी पत्रव्यवहार करायचा, दोघांनी मिळून विषय ठरवायचा आणि मग उमेदवाराने स्वतः संशोधनाचा प्रस्ताव लिहायचा. नेमणूक एका वर्षाची, वाढवत तीन वर्षांपर्यंत नेता येते. अमेरिकेबाहेरच्या उमेदवारांनाही या योजनेने जागा दिल्या आहेत, मात्र व्हिसाचे आणि सुरक्षेचे नियम बदलत असतात. ते त्या त्या वर्षी पाहावेत.

पोस्टडॉकच्या वयातच असे काम का होते, याचे उत्तर प्रयोगशाळेच्या रोजच्या व्यवहारात आहे. पीएच.डी.चा विद्यार्थी प्रबंधाला बांधलेला असतो. चार वर्षे ज्या प्रयोगात गुंतवली तो फसला तर पदवी अडते, म्हणून गाईड त्याला बेताचा प्रश्न देतो. प्राध्यापकाचा दिवस तासिका, अनुदानाचे अर्ज आणि समित्यांच्या बैठकांत जातो, प्रयोगाच्या टेबलाशी उभे राहायला त्याला वेळ कुठला? पोस्टडॉकच्या हातात मात्र कसब असते, डोक्यावर परीक्षा नसते आणि दिवसाचे बहुतेक तास त्याचे स्वतःचे असतात. जॅक शोस्टाक यांच्या बोस्टनमधल्या प्रयोगशाळेत मार्टिन हॅन्झिक याच पदावर होते. मेदाम्लांच्या सूक्ष्म पिशव्या पाण्यात आपोआप बनतात हे तेव्हा ठाऊक होते, पण बनायला वेळ लागे. मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीचे कण टाकले की त्या भराभर बनतात आणि ते कण पिशवीच्या आतही जाऊन बसतात, असे 2003 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या निबंधात दिसले. हीच माती आरएनएचे तुकडे जोडायलाही मदत करते हे आधीच माहीत होते. बर्नाल यांनी विचारातून मांडलेल्या गोष्टीला अर्ध्या शतकानंतर असा आधार मिळाला.

आता पुण्याकडे येऊ. पाषाण रस्त्यावरच्या आयसर या संस्थेत सुधा राजमणी यांची प्रयोगशाळा आहे. भारतात जीवोत्पत्तीच्या रसायनावर सातत्याने काम करणाऱ्या थोड्या ठिकाणांपैकी हे एक. पोस्टडॉकमधून काय घडू शकते ते या प्रयोगशाळेच्या प्रवासाइतके स्पष्ट मला दुसरीकडे दिसलेले नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

राजमणी पीएच.डी.नंतर कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ इथे डेव्हिड डीमर यांच्याकडे काम करत होत्या. डीमर यांचा ध्यास पेशीच्या आवरणाचा. मर्चिसन अशनीतून काढलेल्या पदार्थांपासून पाण्यात पिशव्या बनतात, हे त्यांनी 1985 सालीच दाखवले होते. राजमणींचा प्रश्न त्यापुढचा होता. आरएनएचे सुटे घटक एकमेकांना जोडायचे तर प्रत्येक जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर टाकावा लागतो. चहूकडे पाणीच असताना हे घडणे कठीण. मग पाणीच आटले तर? त्यांनी हे घटक आणि मेदरेणू आम्लधर्मी पाण्यात एकत्र केले, द्रावण तापवून सुकवले, पुन्हा भिजवले, पुन्हा सुकवले. ज्वालामुखीच्या परिसरातल्या गरम झऱ्यांच्या काठी हे रोजच होत असते. पाणी सुकताना मेदाचे थर एकावर एक बसतात, सुटे घटक त्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत दाटीने अडकतात आणि जोडले जातात. 2008 साली छापलेल्या त्यांच्या निबंधाच्या मथळ्यात ‘आरएनएसारख्या साखळ्या’ असे जपून लिहिलेले होते. तो ‘सारख्या’ पुढे महत्त्वाचा ठरला.

त्यानंतर त्या हार्वर्डला आयरीन चेन यांच्याकडे गेल्या. तिथला प्रश्न वेगळा होता. एन्झाइमच्या मदतीशिवाय एका साखळीवरून दुसरीची नक्कल होते तेव्हा चुका फार होतात. इतक्या चुका झाल्या तर माहिती पिढ्यान्‌पिढ्या टिकणार कशी? वेग मोजल्यावर असे आढळले की चुकीचा घटक लागला की त्याच्यापुढची जोडणी मंदावते. बरोबर नकला आधी पुऱ्या होतात, चुकलेल्या मागे पडतात. म्हणजे रसायनाच्या संथपणातूनच थोडी अचूकता मिळते. 2010 साली हे प्रसिद्ध झाले. एका ठिकाणी साखळी बनते कशी ते शिकायचे आणि दुसऱ्या ठिकाणी तिची नक्कल टिकते कशी ते शिकायचे, असा हा दोन मुक्कामांचा पोस्टडॉक झाला.

आणि मग पुण्यात स्वतःची प्रयोगशाळा उभी राहिल्यावर त्यांनी आपलाच 2008चा प्रयोग पुन्हा हाती घेतला. सुकवण्या-भिजवण्यातून बनलेल्या त्या साखळ्या बारकाईने तपासल्या तर त्यांत एक मोठी उणीव निघाली. आम्ल आणि उष्णता या ज्या परिस्थितीत साखळी जुळते, त्याच परिस्थितीत तिच्या घटकांवरचे नत्रयुक्त बेस गळून पडतात. माळेतले मणी ओघळावेत आणि दोरा शिल्लक राहावा तसे झाले होते. आणि आरएनएत माहिती असते ती या मण्यांच्या क्रमातच. 2015 साली त्यांच्या गटाने हे छापले. त्यातून पुढची दिशाही निघाली. आज आरएनएत आहेत ते बेस सुरुवातीला नसतीलच, अधिक टिकाऊ अशा दुसऱ्या रेणूंनी आरंभ केला असेल, असे मानून बार्बिट्युरिक आम्लासारख्या पदार्थांवर तिथे प्रयोग झाले.

स्वतःच्या गाजलेल्या प्रयोगातले वैगुण्य स्वतःच शोधून काढायला जी तयारी लागते तिचे मला फार मोल वाटते. एखादे तंत्र परक्या प्रयोगशाळेत, दुसऱ्याच्या पैशावर, मुदतीच्या आत शिकलेले असते. ते खरोखर आपले झाले की नाही हे अशा कामातून कळते. ज्या विषयात चार अब्ज वर्षांपूर्वीचा थेट पुरावा पुसला गेला आहे त्या विषयात याखेरीज दुसरा रस्ता नाही.

याच गटाने लडाखमधल्या पुगा, पनामिक आणि चुमाथांग इथल्या गरम झऱ्यांचे पाणी आणून मेदपिशव्यांचे प्रयोगही केले. प्रयोगशाळेत सहसा शुद्ध पाणी आणि नेमके क्षार वापरतात. खऱ्या झऱ्याच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे आयन असतात, त्याची आम्लताही वेगळी असते आणि साधी मेदाम्ले अशा पाण्यात सहज पिशव्या बनवत नाहीत. वेगवेगळ्या मेदरेणूंचे मिश्रण घेतले तर जमते. आदिम पेशीचे आवरण एकाच पदार्थाचे नसावे, असा त्याचा अर्थ निघतो. पुगाची दरी समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून उंच आहे. तिथे भूशास्त्रज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि मंगळाचे अभ्यासकही जात असतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणारही याच यादीत येते. बसाल्टच्या खडकात अशनीच्या आघाताने झालेली इतकी सुस्थितीतली विवरे पृथ्वीवर फारच थोडी, आणि मंगळाचा पृष्ठभाग मुख्यतः बसाल्टचाच. शिवाय सरोवराचे पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी. 2020च्या जून महिन्यात ते गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागचे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव ओळखले. पोस्टडॉकसाठी विषय शोधणाऱ्या मराठी मुलामुलींनी लोणारकडे पर्यटनस्थळ म्हणून पाहणे सोडून द्यावे, असे मला कळकळीने वाटते.

जीव बाहेरून आला असेल का, हा प्रश्न महाराष्ट्रात जयंत नारळीकरांमुळे घरोघर पोचला. त्यांच्या पुढाकाराने 2001 आणि 2005 साली हैदराबादहून मोठे फुगे सोडून 41 किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली गेली. 2005च्या नमुन्यांची तपासणी हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थांनी केली. त्यातून जीवाणूंच्या तीन नव्या जाती वर्णिल्या गेल्या आणि त्यांतल्या एकीला, जीव बाहेरून आला असे मानणाऱ्या फ्रेड हॉइल यांचे नाव मिळाले. या जाती अतिनील किरणांना दाद न देणाऱ्या निघाल्या, पण तेवढ्यावरून त्या पृथ्वीबाहेरून आल्याचे ठरत नाही, असे इस्रोने 2009च्या घोषणेतच सांगितले होते. त्यांतली आर्यभटाच्या नावाची जात तर पुढे जमिनीतही जागोजागी सापडली. म्हणजे जीव खालून वर गेले असण्याचीच शक्यता जास्त. पण फुग्याचे तंत्रज्ञ, खगोलशास्त्रज्ञ आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एका प्रयोगात एकत्र कसे काम करतात आणि बाहेरच्या जंतूंचा संसर्ग टाळायला काय काय करावे लागते, याचा तो धडा होता. मंगळावरून किंवा लघुग्रहावरून आणलेल्या मातीच्या बाबतीत हेच सर्वांत अवघड असते.

पीएच.डी.नंतर जायचे कुठे? टोकियोतली एल्सी ही संस्था 2012च्या अखेरीस स्थापन झाली ती पृथ्वी आणि जीव यांचा उगम एकत्र अभ्यासण्यासाठीच. तिथे भूभौतिकीचे, ग्रहनिर्मितीचे आणि जीवरसायनाचे लोक एका छपराखाली बसतात, रोजची भाषा इंग्रजी असते. टेंपलटन फाउंडेशनच्या पैशातून तिथे काही वर्षे एक योजना चालली. तिच्यात पोस्टडॉकने निम्मा काळ एल्सीत आणि निम्मा काळ स्वतः निवडलेल्या दुसऱ्या संस्थेत घालवायचा असे. या विषयाचा स्वभाव ओळखून आखलेली इतकी नेमकी योजना माझ्या पाहण्यात नाही. ती संपली, पण जपानच्या जेएसपीएसची पाठ्यवृत्ती घेऊन एल्सीत जाता येते. युरोपात केंब्रिज, झुरिक आणि म्युनिक इथे मोठे गट आहेत. झुरिकच्या केंद्राचे नेतृत्व दिदिये केलो करतात. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला परग्रह 1995 साली शोधणाऱ्या दोघांपैकी ते एक. त्यांच्यासारखा खगोलशास्त्रज्ञ आज रसायनज्ञांच्या गटासोबत बसतो. युरोपातल्या बहुतेक जागा मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी किंवा जर्मनीच्या हुम्बोल्ट पाठ्यवृत्तीतून मिळवता येतात. भारतात राष्ट्रीय पोस्टडॉक पाठ्यवृत्ती आहे. आधी केंद्र सरकारच्या एसईआरबी या मंडळाकडे असलेली ही योजना आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आली आहे. अहमदाबादच्या पीआरएल या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत अंतराळातल्या बर्फाचे रसायन शिकता येते, लखनौच्या बीरबल साहनी संस्थेत सर्वांत जुन्या जीवाश्मांचे काम चालते.

या सगळ्या योजनांना घड्याळ लावलेले आहे आणि बहुतेक ठिकाणी ते पदवीच्या दिवसापासून चालू होते. हुम्बोल्टसाठी पीएच.डी.नंतर साधारण चार वर्षे, क्युरीसाठी आठ वर्षांचा संशोधनाचा अनुभव ही कमाल मर्यादा, भारतीय योजनेत वयाची अट पस्तिशीची आणि स्त्रियांना त्यात काही वर्षांची सवलत. लग्न, बाळंतपण, आईवडिलांचे आजारपण हे सगळे नेमके याच वर्षांत येते. प्रबंध सादर करून तोंडी परीक्षेची वाट पाहण्यात आपल्याकडे जी वर्षे वाया जातात ती वयाच्या अटीतून वजा होतात. त्यासाठी मुलांना दोष देणे अन्यायाचे आहे. सिनॉप्सिस देण्याच्या सुमारासच पुढच्या प्रयोगशाळेशी पत्रव्यवहार सुरू करावा, हे त्यांना गाईडने सांगायला हवे.

दुसरी गोष्ट, हा पैसा येतो-जातो. नासाची खगोलजीवशास्त्र संस्था 1998मध्ये सुरू झाली आणि 2019च्या अखेरीस बंद होऊन तिच्या जागी संशोधकांची जाळी आली. सायमन्स फाउंडेशनने 2013 साली जीवोत्पत्तीसाठी मोठा सहकार्य प्रकल्प उभारला, त्यात तरुणांसाठी स्वतंत्र पाठ्यवृत्ती होती, पण असे प्रकल्प मुदतीचेच असतात. म्हणून विषय निवडताना असे तंत्र शिकावे की ज्याची इतरत्रही गरज आहे. अतिसूक्ष्म प्रमाणातले रेणू ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्री शिकलेल्या माणसाला औषधकंपनीही घेते आणि अशनीची प्रयोगशाळाही.

अशा माणसांची गरज आज आहेच. ओसायरिस-रेक्स यानाने 2023च्या सप्टेंबरमध्ये बेन्नू लघुग्रहावरची सुमारे 121 ग्रॅम माती पृथ्वीवर आणली. जानेवारी 2025मध्ये जाहीर झालेल्या तपासणीनुसार तिच्यात आपल्या प्रथिनांतल्या 20 अमिनो आम्लांपैकी 14 आहेत, डीएनए आणि आरएनएतले पाचही बेस आहेत आणि खारे पाणी आटून मागे उरलेले क्षारही आहेत. म्हणजे बेन्नू ज्या मोठ्या पिंडाचा तुकडा आहे त्याच्या पोटात कधीकाळी पाणी सुकत होते. त्या मातीचा बराच भाग न तपासता राखून ठेवला आहे. जी यंत्रे आज अस्तित्वात नाहीत त्यांनी तो तपासावा, यासाठी. युरोपा क्लिपर हे यान 2024च्या ऑक्टोबरमध्ये निघाले. ते 2030 साली गुरूजवळ पोचेल आणि त्याच्या युरोपा या बर्फाळ चंद्राची पाहणी करेल. आज एम.एस्सी. करत असलेली मुलगी तेव्हा प्रबंधाच्या कामात असेल आणि युरोपाच्या बर्फाची जवळची मोजमापे साठू लागतील तेव्हा पोस्टडॉकसाठी प्रयोगशाळा शोधत असेल.